उंड्यांचा हिशेब

आग्वादचा तुरुंग रिकामा केला
तेव्हा मी तिथे आवक-जावक कारकून होते.
कैदी गाड्यांतून कोलवाळला गेले,
कागद माझ्या अंगावर पडले.
वाळवीने खाल्लं ते तिला माफ,
उरलेलं मी गोणपाटात बांधलं.

तळाशी तांबड्या सुतळीचा एक गठ्ठा:
पावाची बिलं. पुरवठादार
कांदोळीचा पोदेर इनासियू मास्कारेन्हास,
त्याच्यानंतर मुलगा. अक्षर दोघांचं तिरकं,
जणू हाताचं पीठ पुसायला वेळ नव्हता.

किल्ला कुणाच्या भीतीने बांधला,
झऱ्याचं पाणी कुठल्या गलबतांनी भरून नेलं,
हे फलकावर आहे.
बिलांत फक्त माणसं किती आणि उंडे किती.

पंचावन्नच्या ऑगस्टात आकडा दुप्पट.
मग सलग नऊ दिवस समासात एकच शब्द:
परत. परत. परत.
उपास कुणी धरला, कशासाठी, पोदेराने लिहिलं नाही.
दहाव्या दिवशी एवढंच,
"वीस ताजे. पैसे नकोत."

रुपिया गेला, एस्कुद आला.
एकसष्टच्या डिसेंबरात दोन दिवस कोरे,
तिसऱ्या दिवशी पुन्हा उंडे.
तीच भट्टी, तोच दरवाजा.
मला वाटलं होतं, मध्ये निदान महिनाभर तरी
कुलपं नुसतीच लटकली असतील.

तिथून पुढची बिलं कुणी काचेत ठेवणार नाही.
साळचा नारळचोर.
हणजुणेच्या वाळूत पुडीसकट सापडलेला गोरा,
जो उंडा चहात बुडवायला इथेच शिकला.
आणि कोठडी सात: "अर्धा जादा."
रोज. अकरा वर्षं.

मी सातचा खटला शोधला.
तारीख, पुढली तारीख, त्याच्या पुढली.
निकाल सापडला नाही.
अर्धा कशाला, म्हणून जिवा वॉर्डरला विचारलं.
"कावळ्याला," तो म्हणाला.
"बापाच्या तिथीला सोडला नाही त्याला,
तेव्हापासून रोजच तिथ धरायचा."

आता तिथे तिकीट आहे.
पोरं कोठडीत शिरतात, दार ओढून घेतात,
फोटो काढतात,
आणि दार उघडतं.

शेवटचं बिल सरकारने चुकतं केलं नाही.
तीनशे बारा रुपये.
"निधी उपलब्ध नाही" हा शेरा माझ्याच हातचा.

परवा कांदोळीला गेले.
नातू सायकलवर, भोंगा वाजवत आला.
पैसे पुढे केले तर आधी हसला,
मग मोजले, वरचे बारा परत दिले
आणि गरम उंडा हातावर ठेवला.

घरी पोचेपर्यंत
मी त्यातला अर्धाच खाल्ला.