तपासणी

जेल रोडच्या खोलीत रात्रीचा दीड.
मुक्त विद्यापीठाचं पुस्तक, प्रकरण सात.
झारच्या राजधानीत पावासाठी रांग,
गुडघाभर बर्फ,
आणि गोळी झाडायला नकार देणारे शिपाई.
इथवर मला सगळं कळतं.

पुढचं जड जातं.
राजवाड्यावर लाल कापड चढतं,
समित्या बसतात, मग एकच समिती,
मग एकच टेबल
ज्याच्यावरचा दिवा कुणी मालवत नाही.

वाचनालयातल्या दोन आवृत्त्या
अण्णांपुढे ठेवते. तोच फोटो, दोन्हींत.
नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
चुकलेले कागद वेगळे काढले त्यांनी;
मोतीबिंदू झाला, भिंग सुटलं नाही.

"कुंदे, इथं पाच जण. इथं चार."
मग बराच वेळ काही नाही. मालगाडी गेली.
"हात राहिलाय बघ, कठड्यावर.
माणूस खोडला, बोटं विसरले."

कारणे आणि परिणाम, आठ गुण:
वहीतलं उत्तर खोडायला घेते.
थांबते.

"आमच्याकडे रद्दी जाळली
तरी राखेचं वजन व्हायचं,"
अण्णा शर्टाच्या टोकाला भिंग पुसतात.
"ह्याची कुणी नोंद केली का गं?"