पाहुण्यांचा खर्च

दफ्तरखान्यात, वाळवीने कुरतडलेल्या बाडात
मला लॉर्ड हॅदर्सेट सापडले.
मुक्काम बडोदे, पौष, रात्री चार.
बर्फ दोन मण. सोडा सहा डझन.
घोड्याच्या पोटदुखीवर ओवा, एक शेर.

तिकडे त्यांची अकरा हजार एकर जमीन,
तीन गावं, माशांसकट एक नदी
आणि पार्लमेंटात वडील पेंगायचे तोच बाक.
इथे बागेत, लोंबत्या काळ्या शेंगांखाली थांबून
त्यांनी विचारलं, हे काय?
जेसंग माळी म्हणाला, गरमाळो.
दुभाषे सबनीस म्हणाले, बहावा.
साहेबांनी वहीत दोन झाडं लिहिली.

बिया बोटीने गेल्या. मग पत्रं येत राहिली,
प्रत्येकावर मोडीत शेरा: पाहिले.
काचघरात दोन कुंड्या, दोन पाट्या.
मंत्रिपद गेलं.
नदी विकली.
मुलगा लढाईतून आला नाही.
शेवटच्या पत्रात, थरथरत्या अक्षरात, एवढंच:
दोहोंपैकी आधी कोण फुलतं?

उत्तराचा कच्चा मसुदा सबनिसांच्या हातचा.
‘झाड एकच आहे, महाराज’
लिहून खोडलेलं.
खाली, टाक नव्याने बुडवून:
‘बहावा. दोन दिवस आधी.’