अठ्ठावीस किलो, भंगारभावानं

जालन्यात लोखंड रात्री उकळतं.
एमआयडीसीकडचं आभाळ तांबूस झालं
की मी अंथरुणात कूस बदलतो.
आज भट्टीत काय गेलं असेल,
ओळख न पटता?

म्हणून रविवारी सकाळीच गाठतो
खाजामियाँचं भंगार, ट्रक भरायच्या आधी.
गजांची टोकं, मोटारसायकलींच्या टाक्या,
जिनिंगमधले वाकलेले दांडे,
आणि मधेच जबडा वासून पडलेला
एखादा वाईस.
खाजामियाँ त्याला बांक म्हणतात.

"काय करायलाव सर, इतके बांक नेऊन?
घरात कोणाला धरायचंय?"

मी आधी हँडल फिरवून बघतो.
आटे चौकोनी असले तर जुना,
उताराचे असले तर नंतरचा.
हातोडीची हलकी टिचकी:
बिडाचा आवाज ठक्क करून मरतो,
पोलादाचा कानात थोडा रेंगाळतो.
मग रंग. नखानं खरवडलं की
वरचा निळा, कुठल्यातरी शाळेचा,
त्याखाली शेंदरी,
त्याखाली करडा. रेल्वेचा.

हा पूर्णेच्या लोको शेडमधला असावा.
मीटरगेज गेलं, शेड गेली,
अठ्ठावीस किलो उरले.

दारात डिझेलच्या टबात बुडवून ठेवला.
कुमुद म्हणाली, "पलंगाखाली अकरा झाले.
बारावा माझ्या उशाशी ठेवा."

तिसऱ्या दिवशी अक्षरं वर आली.
वर्तमानपत्राचा कोरा काठ धरून पेन्सिल घासली.
कारखान्याचं नाव अर्धंच,
पुढचा भाग कोणाच्या तरी घणानं उडालेला.
आयटीआयात तीस वर्षं पोरांना सांगत आलो,
वाईस म्हणजे ऐरण नव्हे.
पोरं मान डोलवायची,
आणि मी ऑफिसात गेलो की
ठण् ठण् ठण्.

बाजूला पंचानं ठिपके मारून लिहिलेलं: न. पां.
नरहरी पांचाळ? नागनाथ पांचाळ?
पूर्णेला जाऊन दोन म्हाताऱ्यांना विचारलं.
एक म्हणाला, "पांचाळ? निम्मी शेड पांचाळांची होती."
दुसऱ्याला ऐकूच येईना.
त्याचे कान बॉयलरनं नेले होते.

हलत्या जबड्याची पट्टी ढिली वाटली.
दोन स्क्रू काढले, पट्टी निघाली
आणि तिच्यामागून फरशीवर पडलं
तांब्याचं नाणं. हाली.
फट भरायला कोणीतरी घातलेलं,
ठोकून पातळ करून, अगदी बेतात.

खाजामियाँनी चष्मा पुसला, नाणं उन्हात धरलं.
"तेरा सौ...
आगे का दब गया जी."
साल जबड्यानं चावलं होतं.

म्हणजे त्या दिवशी एकतर
नाण्यापेक्षा पट्टी मोलाची होती,
नाहीतर नाण्याला बाजारात
शेंगदाणेसुद्धा येत नव्हते.
या दोन दिवसांत किती वर्षांचं अंतर,
ते कुठल्याच गेजनं निघत नाही.

"याला गिऱ्हाईक आहे औरंगाबादला," खाजामियाँ म्हणाले.
"बांकापेक्षा जास्त देईल."

वहीत नोंद केली:
नंबर बारा. जबडा साडेपाच इंची. चौकोनी आटे.
मेकर कळला नाही. मालक न. पां.
साल
तिथं रेघ ओढली.

नाणं खिशात टाकून पितळेचा पत्रा कापला,
फीलर लावून, मापून, नवी पाचर केली.
पट्टी हलत होती.
केसभर, पण हलत होती.
दुसरी केली. तीही.
कुमुद आतून दोनदा म्हणाली, चहा निवला.

मग नाणं काढलं.
त्याची एक कड जरा जाड, एक बारीक,
मी ती हिशेबातच धरली नव्हती.
होतं तसं, अक्षरं आतल्या बाजूला, सरकवलं.
स्क्रू आवळले.

सळईचा तुकडा धरला, कानस घेतली.
तुकडा जागचा हलला नाही.