पाथरवटाला सांगायचं नाव

पाथरवट म्हणाला, नाव कोणतं कोरू?
कार्स्टचा दगड, अक्षरागणिक दाम.
म्हटलं, थांब जरा,
बाबांची चार आहेत.

जन्मले तेव्हा सम्राटाच्या वहीत एगीद,
वर गरुडाचा शिक्का.
पाटी-पेन्सिल घेऊन बसले तोवर राज्य फिरलेलं;
नव्या मास्तरांनी हजेरीत केलं एजिदियो,
आणि घरचं नाव तोंडातून निसटलं
की तळहातावर छडी.
मग लाल ताऱ्याचं सरकार, नवं ओळखपत्र:
एगिदी.

घरात मात्र तिलेन.
त्यातला 'त'सुद्धा आमचा नव्हे,
संताचा.
शेंत इलेन, शेंत इलेन म्हणता म्हणता
'शेंत'चा शेवट घरंगळला
आणि नावाला चिकटला
गोखरूसारखा.

हे सांगितलं यिल्यी वोसात्कानं,
चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला प्रागहून आलेला,
आमच्या माडीवर दोन आठवडे होता.
तुझं माझं नाव एकच, तो म्हणाला.
बाबांनी वाइनचा पेला खाली ठेवला.
एगीद कुठे, यिल्यी कुठे!
तो पावाचे तुकडे मोडून टेबलावर मांडत गेला:
हा फ्रेंचांचा झील, अर्धाअधिक वाटेत सांडलेला,
हा जाइल्स,
स्कॉटलंडात म्हणे मुलींनाही ठेवत,
हा स्पेनचा हिल, एका श्वासात संपणारा,
हंगेरीचा एग्येद, पोलंडचा ईजी,
आणि सगळ्यात लांब, मिठाच्या भांड्यापलीकडे,
एक चुरा.
ग्रीक शब्द आहे, म्हणाला.
अर्थ, करडू.

बाबा आधी गप्प.
मग असे हसले की पेला लवंडला,
झील नि जाइल्स भिजले लालभडक.

मला वाटलं चढली.
पण ती चौपन्न सालची गोष्ट होती:
शेळ्या रान खातात म्हणून सरकारनं
शेळ्यांवरच बंदी घातली,
आणि आजीनं एक करडू ठेवलं तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांमागे.
शिपाई आला. घरात करडू आहे?
नाही हो, आजी म्हणाली,
फक्त आमचा तिलेन आहे.

खरं बोलली की खोटं,
तिला तरी कुठे ठाऊक.
चाळिशीतले बाबा दारात उभे,
खाली तळघरात काहीतरी बें करत होतं,
आणि मी, नऊ वर्षांची,
जोरजोरात खोकत होते.

पाथरवटाची पेन्सिल कानामागेच.
उन्हानं दगड तापलेला.
कागदपत्रांची तिन्ही नावं मी वहीतून वाचून दाखवली,
त्यानं मान हलवली नाही.
मग मी आजीसारखी हाक मारून दाखवली,
कड्यावरून खाली, सांजेला मारायची तशी,
शेवट लांबवत, तिलेएएन.
कुंपणापलीकडे कुणाचा तरी कुत्रा भुंकला.

हं, तो म्हणाला, पाच अक्षरं.
स्वस्तात पडेल.
म्हटलं, उरलेल्या पैशात खाली कोपऱ्यात
एक करडू काढशील?

त्यानं दगडावर बोट फिरवून पाहिलं.
काढेन.
शिंगं फुटलेलं,
की अजून नाही?