डाव्या पायाचा बूट

बस मी चालवतो. तेवढंच माझं काम.
तिसरीची अठरा मुलं, दोन थर्मास,
आणि मायमू बाई,
ज्यांच्या शिट्टीतून आता नुसती हवा येते.

पार्नूच्या पुढे डांबर संपतं, मग खडी,
मग अशी जमीन, जिचं अजून ठरलेलं नाही
की आपण जमीन आहोत की पाणी.
इथे एका पोरानं उडी मारली
की दहा हातांवरचं पाईन मान डोलावतं.
शंभर वर्षांचं झाड, उंचीला लेएलोच्या खांद्याएवढं.
"यांना धक्का लावू नका," बाई म्हणाल्या,
"यांचा खूप वेळ गेलाय एवढं होण्यात."

सगळ्यांच्या पायात जाळीचे रुंद चौथरे,
बुटांना बांधलेले, बदकासारखं चालायला लावणारे.
तावेतनं ते सोडले.
तावेत वर्गात सगळ्यांत उंच,
आणि बदकासारखं चालणं
उंच मुलांना शोभत नाही.

लाल बोरांचा एक झुबका, तीन पावलांवर.
दोन पावलं झाली.
तिसरं गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत.
"काही नाही झालं," तो म्हणाला.
"काही नाही झालं."
तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज पहिलीतल्या मुलाचा होता.

मी बसमधला दोर घेऊन धावलो.
बाईंनी मान हलवली. नाही.
आणि मुलांना विचारलं, अगदी गणित विचारावं तसं,
"तुमच्याकडे काय काय आहे?"

मला राग आला. अजूनही थोडा आहे.

मफलर, कुणी म्हणालं. बादली. काठी.
कुणी रडायला लागलं, तेही बहुधा होतंच त्यांच्याकडे.
मग हिल्या बोलली.
हिल्या, जी बसमध्ये पहिल्या सीटवर
मांडीत कागदी पिशवी धरून बसते
आणि जिला तावेतनं "पिशवी" हेच नाव ठेवलंय.
"आडवं व्हायचं," ती म्हणाली.
"आमचा कुत्रा असाच निघाला होता."
आणि नव्या पिवळ्या जाकिटासकट
ती शेवाळावर पालथी पडली.
तिच्या घोट्यांना लेएलोनं धरलं, लेएलोला उकूनं,
सकाळी रांगेत एकमेकांचे हात
नको नको म्हणणाऱ्या पोरांनी.

"मागे रेल," हिल्या म्हणाली. "खुर्चीत बसल्यासारखं.
आणि सांग, कधी ओढायचं."

हे त्याला जमेना.
रेलायला जमलं. सांगायला जमेना.
पक्षी नव्हता, वारा नव्हता,
काळ्या पाण्यातून एक बुडबुडा वर आला, फुटला.
"ओढा ना," तो म्हणाला.

तेव्हा मी बाईंच्या मागे उभा होतो, म्हणून मला दिसलं:
पाठीमागे त्यांचा उजवा हात
डाव्या मनगटाला धरून होता,
सुटू पाहणारं जनावर धरावं तसा.

पाय आला. बूट नाही आला.

परतताना बाई हळूच म्हणाल्या,
"मंगळवारी एकटी येऊन काठीनं मोजून गेले होते,
तिथे कंबरेच्या खाली तळ लागतो.
आणि साठपर्यंत मोजत होते. साठला मीच गेले असते."
"किती झाले होते?"
"त्रेपन्न."
मग बसच्या दारापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

दलदलीत काही कुजत नाही, हे मुलांना माहीत होतं.
हजार वर्षांनी कुणाला तरी सापडेल
बत्तीस नंबरचा, डाव्या पायाचा, निळा.
ते काय समजतील, यावर मागच्या सीटवर भांडण लागलं.
उकूचं म्हणणं, एक पायाची माणसं होती.

तावेत मागे नव्हता.
पहिल्या सीटवर, एका पायात हिल्याची लोकरी टोपी घालून,
बूट गेला तर आई काय म्हणेल याचा विचार करत असावा.
आठव्या किलोमीटरला हिल्याचा चेहरा पांढरा पडला.
त्यानं पिशवी उघडून धरली.
स्वतःचं तोंड खिडकीकडे, नाक दाबलेलं,
पण पिशवी धरली, दोनदा.

पुढच्या वळणावर मी गाडी अगदी हळू घेतली.
एरवी घेत नाही.