घोडीखालची जागा

अकरा वर्षं भोसरीत बंपरवर टेप लावली मी.
दिव्याची खाच, नंबरप्लेटची चौकट, रबराची कड,
एका पाळीत दोनशे चाळीस.
शिर्के सुपरवायझर म्हणायचे,
टेपवाल्याचं काम कुणाला दिसत नाही,
चुकलं तरच दिसतं.

आता दत्तवाडीत, नदीकडच्या गाळ्यात
एकच गिटार, आणि आज तिसरा दिवस.

पाठ शिसवीची. जुन्या बाजारात
बुधवारी मिळालेल्या कपाटाचं दार.
किल्लीचं भोक टाळून कापलं,
तरी आत, कडेला, त्याची अर्धी सावली राहिलीय.
पुढचं पान स्प्रूसचं, कोवळं, पांढरं.
नख लागलं तरी लक्षात ठेवतं.

तीनशेवीसचा पेपर, रेषेच्या दिशेनंच.
मग दिवा आडवा धरायचा, लाकडाला जवळजवळ टेकवून,
की काल नसलेले ओरखडे आज उभे राहतात.
स्पिरिटचा बोळा फिरवला
तर सांध्याशी सरसाचा ओघळ:
कोरडा असताना साळसूद, ओला झाला की कबूल.

शिसवीवरचा बोळा स्प्रूसवर न्यायचा नाही.
जांभळा रंग सुटतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
खांद्यापाशी वाटाण्याएवढा डाग पडला,
घासून घासून तो मोहरीवर आणलाय.
एस्तेरला सांगेन.
किंवा तिचं तिलाच दिसू दे.

पट्टीवर रुंद टेप. मानेच्या टाचेला बारीक,
वळणावर ताणून नाही, हळू बसवत.
घोडीची जागा सर्वांत शेवटी:
तिच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर आत,
नव्या ब्लेडनं, टेप कापेल
पण लाकडाला कळणार नाही इतक्या दाबानं.
इथं लॅकर नको. चकाकीला सरस धरत नाही.
सहा तारांचा मिळून सत्तर किलो ओढा,
म्हणजे एक अख्खे शिर्के,
ह्या बोटभर रुंद कोऱ्या लाकडावर लोंबणार,
वर्षानुवर्षं,
आणि बघायला गेलं तर तिथं घोडी असेल.

साडेसातला पुलाखाली ढोलाचा सराव सुरू झाला.
तार नाही, घोडी नाही,
तरी हुकाला टांगलेलं खोकं गुणगुणलं.
पाठीवर तळहात ठेवला. मुंग्या आल्या.
ह्याचा पहिला सूर मी काढणार होतो,
त्यासाठी दाढी करून यायचं ठरवलं होतं.
तो टिपरूनं काढला,
कुण्या आठवी-नववीतल्या पोरानं, हात चुकत.

ध्वनिछिद्र बुजवायला फुगा.
पोराच्या वाढदिवसाचा उरलेला, पिवळा.
चपटा आत सोडला आणि नळीतून फुगवला,
छिद्रातून पोट डोकावेपर्यंत.
खोकं गप्प झालं.
बाहेर ढोल चालूच.

आर्द्रता एक्क्याऐंशी.
ह्या हवेत मारलं तर लॅकर दुधाळ पडतं.
एस्तेरचा फोन, नाना पेठेतून, मागं भांड्यांचा आवाज:
झालं का हो?
म्हटलं, हवा.
ती म्हणाली, चर्चमध्ये नाताळला वाजवायचीय,
तोवर हवा येईल ना?

हवा आली नाही.
टेप तीन दिवसांवर ठेवायची नाही, गोंद लाकडात उतरतो.
म्हणून काढली, पूर्ण मागे वाकवून,
इतकी सावकाश की चहा थंड झाला.
तरी घोडीपाशी एक तंतू निघालाच,
केसाएवढा, टेपच्या पाठीवर सोनेरी.
उजेडात धरून बघितला. फेकवेना.
पाकिटात, पासबुकाच्या पावतीत ठेवला.

फुगा रात्रीतच बसला होता.
माझा श्वास, चहाचा, थोडा तंबाखूचाही,
त्या बंद शिसवीत कुठंतरी फिरत असेल.

आज छप्पन्न. बोहरी आळीतून नवा रोल आणलाय.
टोक सापडत नाही.
अंगठ्याच्या नखानं
गोल गोल शोधत बसलोय.