खुडूक

औशाच्या आमच्या गल्लीत टँकर मंगळवारी येतो.
तोवर तांदूळ धुतलेलं पाणी वांग्याला,
अंघोळीचं कर्दळीला,
आणि कोंबडीच्या परळात
माझ्या तांब्यातलं.

ती चैत्रातच खुडूक झाली.
फुटक्या घमेल्यात बसून राहिली, फुगून.
हात लावला की टोच.
पोटाखाली एक अंडं नाही, नुसता हट्ट.

भिंतीपलीकडून शाकेराआपा म्हणाली,
"माझ्याकडं अकरा हायेत, ठिवून बघ."
एकवीस दिवस मी भाकरी करपवली
घमेल्याकडं कान लावून.

नऊ निघाली.
पाच तिची, चार माझी, असं ठरलं.
पण पिलांना भिंत कुठं कळते?
आषाढभर सगळी तिच्या अंगणात,
भादव्यात सगळी माझ्या कोथिंबिरीत.
काडी ठेवली नाही.

चिडून भिंतीलगत वाल लावला, आडोसा म्हणून.
तो वर चढला, पलीकडं वाकला,
आणि शेंगा लागल्या त्या तिकडंच,
जांभळ्या, घोसानं.

येळवशीच्या आदल्या दिवशी
भिंतीवर सूप आलं, शेंगांचं.
"भज्जीला घे."

रिकामं सूप कसं परत द्यायचं?
चार अंडी ठेवली त्यात.
त्या नवांतल्याच कुणाची तरी.
एक अजून ऊन होतं.